बंदुकीला बांधलेलं ओलं सोपट

या ग्रुपवर मी दीड-दोन वर्षांपासून आहे. नुसता वाचतो. खरं सांगायचं तर दोन-तीन जणांची कमेंटमध्ये खिल्लीसुद्धा उडवलीय... ते पांढरी साडी, लिफ्ट मागणारी बाई वगैरे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी लिहायला बसलोय, कारण यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी जे बोलणं झालं, त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना. पेपर हातात घेतो, एकच ओळ चार वेळा वाचतो. बायको म्हणाली, "एकदाचं लिहून मोकळे व्हा, माझं डोकं नका खाऊ." तर घ्या.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कोणी मला भोळा समजू नये. वरणगावला फॅक्टरीत मी छत्तीस वर्षं काढली, सगळी इन्स्पेक्शनमध्ये. तिथं बंदुकीच्या गोळ्या बनतात, हे खानदेशातल्या माणसाला सांगायची गरज नाही. माझं काम एकच होतं – समोर आलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही. गेज लावा, मोजा, मग शिक्का मारा. नवीन लागलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, "माल तुमच्या बापाने बनवलेला असला तरी टेस्ट केल्याशिवाय पास करायचा नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मीच त्याची माती केलीय.

आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. नाव लिहीत नाही. दक्षिणेला सगळी केळी, आणि उत्तरेला नाला ओलांडला की जंगल सुरू. आमची सोळा एकर त्या नाल्याला लागून. म्हणजे रानडुकरांचा, सायाळींचा आणि मार्च-एप्रिलमध्ये अस्वलांचा पहिला मुक्काम आमच्याकडेच. नाल्याच्या काठाने मोहाची झाडं आहेत. मोहाची फुलं गळायला लागली की अस्वल डोंगर सोडून खाली येतं. ज्यांनी अस्वल फक्त चित्रात पाहिलंय त्यांना ते गोंडस वाटतं. आमच्याकडे विचारा! वाघ माणसाला बघून बाजूला होतो. अस्वल दचकलं की सरळ अंगावर येतं, आणि हात घालतं तो तोंडावर.

म्हणून आबांकडे – म्हणजे आमच्या वडिलांकडे – पीक संरक्षणाचा परवाना होता आणि ठासणीची बंदूक होती. एकनळी, आबांच्याही आबांच्या काळातली. ठासणीची म्हणजे काडतूस नाही. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, चिंध्यांचा बोळा गजाने ठासायचा, त्यावर छर्रे, पुन्हा बोळा. मागे घोड्याखाली एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी कानातून आत जाते आणि बार होतो. नव्वद टक्के वेळा आबा हवेतच बार काढायचे. आवाजानेच डुकरं पळायची.

या बंदुकीचा एक घात आहे. भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. आणि भरलेलीवर चुकून पुन्हा भरली तर नळी फुटते. तीही कुठं, तर नेम धरणाऱ्याच्या तोंडाशी. आमच्या शेजारच्या गावात एकाची चार बोटं आणि एक डोळा असाच गेला होता.

आबांनी त्यावर उपाय काढला होता. बंदूक भरली की ते केळीचं सोपट बांधायचे. सोपट म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीची पट्टी. घड बांधायला, वेली बांधायला आमच्याकडे सुतळीऐवजी तेच. बार काढला की सोपट तोडून टाकायचं. सोपट आहे तर भरलेली, नाही तर रिकामी. आणि आबांची बांधायची तऱ्हा वेगळी होती. लोक नुसतं कुठेतरी अडकवतील. आबा घोड्यावरून दोन वेढे घ्यायचे, म्हणजे सोपट सोडल्याशिवाय घोडा ओढताच येऊ नये. आबा डावखुरे होते. त्यामुळे गाठ उलटी पडायची, शेपूट डाव्या अंगाला. घरात आबांनी बांधलेलं काहीही असो, गुरांचा दोर असो की धान्याची गोणी, आम्ही सोडायला गेलो की उलटंच आवळायचं. मग शिव्या खायच्या.

माझा मोठा भाऊ – आम्ही त्याला भाऊच म्हणतो – शेती बघायचा. दिलदार, हसरा, कष्टाळू माणूस, पण विसरभोळा. पाण्याची मोटार चालू ठेवून जेवायला यायचा. आबांनी त्याला बंदूक कधी हातात दिली नाही. म्हणायचे, "भरता कोनालेबी येते रे. रिकामी ठेवता येते तोच मानूस." चारचौघांत म्हणायचे. भाऊ हसून घालवायचा, पण त्याच्या जिव्हारी लागायचं ते मला माहीत आहे. अठ्ठ्याऐंशी साली आबा गेले आणि वारस म्हणून परवाना भाऊच्या नावावर झाला. त्या दिवशी तो मला म्हणाला होता, "आबानं नाही देली, सरकारनं देली." हसतच म्हणाला, पण डोळे ओले होते.

आता नव्वद सालचा मार्च. विधानसभेची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. निवडणूक आली की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, हे गावाकडच्या लोकांना माहीत असेल. भाऊनेही जमा केली होती. जवळजवळ दीड महिना बंदूक ठाण्यात. आणि नेमका त्याच दिवसांत अस्वलांनी उच्छाद मांडला. वरच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याला मोहाखाली फाडलं. कपाळापासून कातडी सोलली गेली, जळगावला सिव्हिलला न्यावं लागलं. जीव वाचला, डोळा नाही.

मी होळीच्या रजेवर घरी आलो होतो. ठाण्यातून निरोप आला, हत्यारं घेऊन जा. भाऊ म्हणाला, "चाल माह्यासंग, नंबर-बिंबर तू पाह्य." दुपारी आम्ही त्याच्या राजदूतवर गेलो. वहिनी माहेरची शिंदखेड्याकडची, तिची भाषा आमच्यापेक्षा निराळी. ती दारातून ओरडली, "तठेच बसू नका गप्पा मारत! आनि ती बंदूक काय कामनी शे, दरवर्षी जमा करा नि दरवर्षी आना!"

ठाण्यात काय झालं ते मी नीट सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच अडतं. शिपायाने आतून बंदूक आणली. तिला फक्त एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती, नाव आणि नंबर. ती त्याने माझ्यासमोर कापली. मी सवयीप्रमाणे नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला. घोडा, चाप, दस्ता सगळं बोट फिरवून पाहिलं. थोडा गंज, बाकी काही नाही. कशालाही काहीही बांधलेलं नव्हतं. मग मीच ती गोणपाटात गुंडाळली आणि मीच वर सुतळी बांधली, तीन ठिकाणी. पुढचे चौदा किलोमीटर ते गाठोडं माझ्या मांडीवर आडवं होतं. वाटेत कुठंही थांबलो नाही. चहालासुद्धा नाही.

गावात शिरायच्या आधी आमच्या शेताचा फाटा लागतो. तिथं जामसिंग पळत येताना दिसला. जामसिंग आमचा सालदार गडी, पावरा आदिवासी समाजातला. बारा वर्षं आमच्याकडे होता, आणि घाबरणं हा प्रकार त्याच्यात मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"भाऊ, अस्वल! नाल्यावर, मोहाखाली. बायको झाडावर हाये!"

त्याची बायको दुपारची राहिलेली फुलं वेचायला गेली होती. अस्वल आलं तशी ती झाडावर चढली. पण अस्वलही झाडावर चढतं, हे लक्षात घ्या. भाऊने गाडी तशीच फाट्यावरून शेतात घातली. साडेचार-पाचची वेळ, चांगलं लख्ख ऊन. शेतातल्या झोपडीपाशी आम्ही उतरलो. तिथून नाला दोनशे पावलांवर. बाईचा आवाज ऐकू येत होता. रडत नव्हती, एका सुरात जामसिंगच्या नावाने हाका मारत होती. अजूनही तो सूर माझ्या कानात आहे.

भाऊ झोपडीत दारूचा डबा आणि टोप्या आणायला पळाला. जामसिंग रिकामा डबा आणि काठी शोधायला मागे गेला. मी एकटा होतो. मी गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि सुतळी सोडली. माझीच गाठ, तिन्ही ठिकाणी जशीच्या तशी. गोणपाट उलगडलं...

बंदुकीला सोपट बांधलेलं होतं.

वाळकं नाही. ओलं, हिरवं-पांढरं, आत्ता खोडावरून सोललेलं असावं तसं. टोकातून थेंब पडत होते. घोड्यावरून दोन वेढे. गाठ उलटी, शेपूट डाव्या अंगाला.

मी किती वेळ बघत होतो कोणास ठाऊक. दोन सेकंद असतील, पाच असतील. अंगावर काटा वगैरे काही आला नाही. उलट मला राग आला! खरंच सांगतो, राग आला. तिकडे बाई ओरडतेय आणि इथं हे काय मध्येच? डोक्याने लगेच कारण तयार केलं. ठाण्यात कोणीतरी बांधलं असेल, गोणपाटाला चिकटून आलं असेल. साफ खोटं होतं, मला तेव्हाच कळत होतं. मी हात घातला आणि गाठ सोडायला गेलो. ती आवळली, अगदी पूर्वीसारखी. मग मी ओरबाडून तोडलं आणि मागे फेकून दिलं. हातावर, शर्टावर पाणी उडालं.

तेवढ्यात भाऊ आला. दारूचा डबा उघडता उघडता त्याने विचारलं. विसरभोळा माणूस, पण त्या दिवशी त्याने विचारलं: "सुध्या, रिकामी हाये ना? गज टाकून पाह्यला का?"

गजावर आबांनी एक खाच पाडून ठेवली होती. गज नळीत सोडायचा. खाच तोंडाशी आली तर नळी रिकामी. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि मी, इन्स्पेक्शनवाला, काय म्हणालो?

"अरे ठाण्यातून आणलीय, रिकामीच असणार. भर लवकर!"

अति घाई संकटात नेई, हे ट्रकच्या मागे वाचून आपण हसतो.

भाऊने दारू ओतली, बोळा ठासला. छर्रे घातले नाहीत, नुसता आवाज काढायचा होता. आम्ही तिघे नाल्याकडे निघालो. भाऊ पुढे, जामसिंग डबा घेऊन त्याच्या डावीकडे, मी मागे. मोहाच्या बुंध्याशी ते दिसलं. काळं, केसाळ, मागच्या दोन पायांवर उभं राहून खोडाला नखं लावत होतं. बाई वर दोन फांद्यांच्या बेचक्यात बसलेली, पाय पोटाशी ओढून घेतलेले. आमची चाहूल लागली तसं अस्वलाने मान वळवली.

भाऊने बंदूक खांद्याला लावली, नळी आकाशाकडे केली. गाल दस्त्याला टेकलेला. मी त्याच्या मागे चार पावलांवर होतो, त्याचा तो गाल मला आजही दिसतो. चाप ओढला.

फट्.

नुसती टोपी उडाली. बार नाही. भाऊने दुसरी टोपी लावली. फट्. अस्वल चार पायांवर आलं आणि आमच्या दिशेने निघालं, तो गुरगुरण्याचा, खोकल्यासारखा आवाज करत. भाऊने तिसरी टोपी लावली. फट्. "भाऊ, मागे ये!" मी ओरडलो. पण तो जागचा हलला नाही, चौथी टोपी खिशात शोधत उभा.

वाचवलं ते जामसिंगने. बांधावर केळीची वाळलेली पानं रचून ठेवलेली होती. त्याने काडी ओढली आणि पेटती पानंच अस्वलासमोर ढकलली, आणि डबा बडवत असा काही ओरडला की मीच दोन पावलं मागे सरलो. भडका झाला, धूर झाला. अस्वल थांबलं, उभं राहिलं, आणि मग वळून नाल्यात उतरून गेलं. आमच्यापासून वीस पावलांवर आलं होतं ते, मी नंतर मोजली.

बाई खाली उतरली. पहिलं काय केलं, तर जामसिंगच्या पाठीत बुक्की मारली, इतका वेळ का लावला म्हणून. सगळे हसलो. जिवात जीव आला की माणूस कशालाही हसतो. भाऊसुद्धा हसत होता, "फुसका बार निंघाला राव, आबा असते तं जोड्यानं मारलं असतं मले!"

झोपडीपाशी येऊन चूल पेटवली. चहा होईपर्यंत भाऊ म्हणाला, बार काढून टाकतो, भरलेली घरी न्यायला नको. गजाच्या दुसऱ्या टोकाला स्क्रूसारखं फिरकं असतं, त्याने बोळा ओढून काढतात. भाऊने बोळा काढला, नळी उपडी केली, दारू झटकली. मग सवयीने गज आत सोडला.

खाच चार बोटं वरच राहिली.

भाऊने गज पुन्हा वर ओढून आपटला. ठप्प असा आवाज आला. रिकाम्या नळीत लोखंडावर लोखंड वाजतं, खणकन. त्याने फिरकं घातलं. दुसरा बोळा आला. मग छर्रे, डुकरांसाठी भरायचे ते मोठे, मूठभर. मग अजून बोळा. मग दारू.

चहा उतू गेला तरी कोणी उठलं नाही. भाऊ हळूहळू खाली बसला, उकिडवा, डोकं दोन्ही हातांत धरून. मग सांगायला लागला. निवडणुकीआधी डुकरांसाठी त्याने बंदूक भरून ठेवली होती. जमा करायच्या सकाळी त्यानेच सोपट काढलं. ठाण्यात हवालदार विचारेल, हे काय पानपट्टी बांधून आणलंय म्हणून. बार नंतर काढतो म्हणाला, तेवढ्यात कोणीतरी पाहुणा आला, आणि तो भरलेली बंदूक तशीच जमा करून आला. दीड महिना ती ठाण्यात भरलेली पडून होती.

"दोन बार, सुध्या," तो म्हणाला. "उडाला असता तं डोकं राह्यलं नसतं माह्यं."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "गोनपाट सोडलं तवा काही बांधलेलं नव्हतं ना रे?"

आता इथं मी काय करायला हवं होतं ते तुम्ही मला सांगू नका, पस्तीस वर्षं मी स्वतःलाच सांगतोय. मी म्हणालो, "नाही. काही नव्हतं."

का म्हणालो? लाज. दुसरं काही नाही. ज्याला खूण दिसली, ज्याने ती तोडली, ज्याने "भर लवकर" म्हटलं, तो मी. आणि ती खूण कोणी बांधली याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून ती नव्हतीच असं म्हणणं सोपं वाटलं.

भाऊ हातपाय धुवायला हौदाकडे गेला, तेव्हा मी बंदूक उचलली. बार का नाही उडाला, हे मला बघायचं होतं. खालची दारू चिमूटभर विस्तवावर टाकून पाहिली. भस्सकन पेटली, कोरडी ठणठणीत. टोप्या तर फुटल्याच होत्या. मग राहिला कान. बाभळीचा काटा घेतला आणि कानात घातला. काटा आत जाईना. जोर करून फिरवला तेव्हा टोकाला काहीतरी चिकट आलं. मी ते नाकाशी नेलं.

केळीचा चीक. ताजा. सोपट कानावरूनच घोड्याला गुंडाळलेलं होतं, त्यातून चीक आत उतरला होता आणि भोक बुजलं होतं. मी वेढे तोडून फेकले त्याच्या आधीच त्याचं काम होऊन गेलं होतं.

मी कान साफ केला. काटा चुलीत टाकला. मग ते सोपट शोधायला गेलो, जिथं फेकलं होतं तिथं. बांधापर्यंत सगळं पाहिलं, सापडलं नाही. वाऱ्याने उडालं असेल, कुत्र्याने नेलं असेल... असेल.

संध्याकाळी घरी वहिनी म्हणाली, "भाऊजी, हाऊ केळना चीक कोठे लागना? नवा शर्ट! आते काय निंघस हाऊ!" चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो. काही तासांनी काळा पडतो आणि जन्मभर जात नाही. माझ्या बदामी शर्टावर छातीपासून बाहीपर्यंत काळे शिंतोडे उठले होते. भाऊ तिथंच जेवत होता. त्याने वर पाहिलं, पुन्हा ताटात पाहिलं. मी शर्ट काढून पिशवीत कोंबला.

आठ दिवसांत भाऊने परवाना परत केला, बंदूक सरकारजमा केली. गावाने थट्टा केली, अस्वलाला घाबरला म्हणून. त्याने सगळी ऐकून घेतली. पण माणूस बदलला. मोटारीचं बटण चार वेळा बघायचा. कुलूप लावून परत ओढून बघायला यायचा. कुणी आबांचं नाव काढलं की उठून जायचा. एकदा मला म्हणाला, "आबाचं खरं होतं. मी त्या लायकीचाच नव्हतो." तेव्हाही मी गप्प बसलो. दर दिवाळीला ठरवायचो, या वेळी सांगतो. आणि न सांगता वरणगावला परत यायचो, की दोन-चार दिवस कामात चुका. पोरं म्हणायची, साहेबांचं गावाला गेलं की बिघडतं.

यंदा आखाजीला गेलो. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. भाऊ आता ऐंशीला टेकलाय. वहिनी स्वयंपाकात, पोरंबाळं बाहेर. भाऊ आणि मी घागरीसमोर. भाऊने घागरीत पाणी ओतलं, वर खरबूज ठेवलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"सुध्या, एक इचारू? त्या दिवशी तुह्या शर्टावर चीक होता."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"तू तं बागात पायबी नव्हता टाकला. ठान्यातून सरळ नाल्यावर गेलो आपन. मंग चीक कोठून आला?"

"तुला... तेव्हापासून माहीत होतं?"

"केयीवाला हाये मी. चीक नाही वयखनार?"

"मग विचारलं का नाहीस एवढी वर्षं?"

"तू नाही म्हनला ना. म्हनलं, सांगाचं आसन तवा सांगीन." थोडा वेळ तो घागरीवरचं पाणी पुसत बसला. मग अगदी हळू विचारलं, "गाठ कोन्या हाताची होती?"

बस, एवढंच. 'कोणी बांधली' असं नाही, 'का तोडली' असंही नाही. पस्तीस वर्षं त्याने हा एकच प्रश्न सांभाळून ठेवला होता.

"डाव्या," मी म्हणालो. "घोड्यावरून दोन वेढे. मी सोडायला गेलो तर आवळली. मग तोडली मी, भाऊ. मीच तोडली. आणि तुला भर म्हटलं."

मग थांबलोच नाही. कानातला चीक, काटा, शोधूनही न सापडलेलं सोपट, सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता मी रडत होतो. सत्तरीला आलेला माणूस, हुंदके देऊन. भाऊ ऐकत होता. मला वाटलं आता उठून जाईल, किंवा एक ठेवून देईल. दिली असती तर बरं वाटलं असतं.

तो हसायला लागला. आधी गालातल्या गालात, मग अंग गदगदा हलवून, डोळ्यांतून पाणी गळतंय तरी हसतोय. वहिनी पळत आली, काय झालं म्हणून. त्याने तिला हाताने थांबवलं आणि घागरीकडे बोट दाखवून मला म्हणाला,

"माह्यावर तं त्याचा भरोसा नव्हताच रे... पन तुह्यावरबी नव्हता, साहेब!"

त्यानंतर त्याने घागरीला हात जोडले. आबा गेल्यापासून आबांसमोर हात जोडताना तो हसत होता असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता तुम्ही विचाराल, तुझं स्पष्टीकरण काय? नाही. तीन सुतळ्या माझ्या, गाठी माझ्या, चौदा किलोमीटर मांडी माझी. ओलं सोपट आत कसं गेलं, मला ठाऊक नाही. भुतावर विश्वास अजूनही नाही. शर्ट कपाटात आहे, बायकोने टाकू दिला नाही. डाग अजून तसाच काळा आहे. कुणाला तपासून बघायचा असेल तर जरूर या. मी तपासणार नाही.